पेटीबाहेरचा सूर

हसनाबादच्या बाजारपेठेत भंवरलाल शेठजींचं कापडाचं दुकान होतं. दुकानात एक फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन होता, आणि त्या फोनोला तबकडी एकच. जालन्याच्या मिशनमधली कुणी गोरी बाई विलायतेला परत निघाली तेव्हा तिनं सामान विकायला काढलं, त्यात शेठजींनी तो फोनो उचलला. आत जी तबकडी राहून गेली होती ती तशीच सोबत आली. लोक म्हणायचे, शेठजी, आणखी दोन-चार गाणी आणा की. शेठजी म्हणायचे, "एक हाये ना? वाजून राह्यली ना बराबर? मंग दुसरीचा खर्चा कशाला?" कापडाचा व्यापारी असून ज्यांचा स्वतःचा सदरा तिसरं ठिगळ लागल्याशिवाय बदलत नव्हता, ते तबकडीत गाणाऱ्या मेमसाठी काय जोडीदारीण शोधणार होते!

त्यामुळे १९५४ सालापासून दर बाजाराच्या दिवशी हसनाबादेत मेम गायची. एकच मेम, एकच गाणं. भाषा कोणती ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण बाजाराला ते इतकं पाठ झालं होतं की मिरच्या तोलणाराही मेमच्या तानेबरोबर मान हलवायचा आणि तान संपली की पारडं सोडायचा.

त्या फोनोच्या फळीवर कडेला एक बारीक खटका होता आणि त्याच्या दोन टोकांना दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. शेठजींना मोडी येत होती, उर्दूत सही येत होती, पण इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही. खटका एका टोकाकडं सरकवला की मेमचा आवाज धारदार व्हायचा आणि बाजारातली डोकी दुकानाकडं वळायची. शेठजींनी ठरवून टाकलं की हा आवाज लांबवर पोचवायचा खटका आहे. त्यांनी तो पार शेवटच्या टोकाला नेला, आणि कुणी पोरासोरानं हात लावू नये म्हणून वर लाख ओतून पक्का बसवला. शहाणपण म्हणतात ते हे.

केदारखेड्याच्या कारभारीची बायको दुर्गाबाई नवी नवरी म्हणून बाजाराला आली, त्या दिवशी तिनं मेम पहिल्यांदा ऐकली. डोक्यावर वांग्यांची पाटी, पाटी उतरवायचं भान राहिलं नाही. ती बाई वर चढत होती. आता थांबेल, आता दमेल असं वाटायचं तिथून ती आणखी वर जायची, आणि अगदी टोकाला जाऊन तिथं नुसती उभी राहायची. दुर्गाबाईच्या मनात आलं, ही बाई पाखरं राखणारी असली पाहिजे. हिचं शेत मोठं असणार.

तिला तसं वाटलं यात नवल नव्हतं. सात वर्षांची असल्यापासून ती ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची आणि हाकारे घालायची. तिच्या माहेरी नदीपलीकडचे शेतकरी भांडायला यायचे, की तुमची पोरगी ओरडती आन् तुमची सगळी पाखरं आमच्या शिवारात येऊन बसत्यात. गोफणीचा दगड जिथवर जात नसे तिथवर तिचा हाकारा जायचा. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा? पाटलाच्या पोरीला सोन्याच्या पुतळ्यांचा होता, हिला गळ्याचा.

कारभारी भजनी मंडळात पेटी वाजवायचा. माणूस गरीब स्वभावाचा, पण कानाचा पक्का. बायको माळ्यावर मेमचं गाणं गुणगुणते हे त्यानं ऐकलं आणि पुढच्या बाजाराला पेटी गाडीत घालून नेली. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं मेमचा सा शोधला. पेटीवाले आपल्या पट्ट्यांना नंबरानं ओळखतात, पांढरी एक, काळी दोन असं; ज्या पट्टीवर सा धरायचा ती गाणाऱ्याची पट्टी. मेमची निघाली काळी चार. तीही आपल्या बायका घेतात ती नव्हे, तिच्यावरच्या सप्तकातली. तिथून मेम वर निघाली आणि कारभारीचं बोट तिच्यामागं उजवीकडं सरकत गेलं. शेवटी पट्ट्या संपल्या. बोट पेटीच्या लाकडावर आलं आणि मेम पुढंच होती.

"ही जागा पेटीत न्हाई," कारभारी घरी येऊन म्हणाला. "बाकीचं सगळं दाखवतो तुला. तेवढा एक सूर तुझा तुला शोधावा लागंल."

तो सूर शोधायला दुर्गाबाईला ज्वारीचे दोन हंगाम लागले. पहिल्या वर्षी तिथं जाऊन आवाज फाटायचा. ती ज्येष्ठमध चघळायची आणि पुन्हा लागायची. मेमची एक तान होती, भरभर पायऱ्या उतरल्यासारखी. तिच्यात जीभ अडखळायची. ती तान तिनं गोफणीच्या फेऱ्यांवर बसवली, एका फेऱ्याला चार सूर. दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आसपास एका सकाळी ती माळ्यावर चढली, गायली, आणि तो पेटीबाहेरचा सूर लागला. लागला म्हणजे घरातला दिवा जागेवर ठेवावा तसा लागला आणि राहिला. खाली कारभारी पाटाचं पाणी देत होता. तो फावडं टाकून चिखलातच खाली बसला.

अडचण होती ती सासूची. गोजरबाई वाईट नव्हती, पण तिचा कायदा होता. "बाईनं पाखरावर वरडावं, त्याला माही ना न्हाई," ती म्हणायची. "मानसाम्होरं न्हाई वरडायचं."

पण गोष्ट दाबून राहणारी नव्हती. भंवरलाल शेठजींनी दुर्गाबाईचं गाणं एकदा कारभारीच्या शेताच्या बांधावर उभं राहून ऐकलं आणि त्यांच्या पोटात ते राहीना. जालन्याला त्यांचे सोयरे झुंबरलाल शेठ, कापसातली सरकी काढायच्या जिनाचे मालक. खंडेनवमीला जिनातल्या यंत्रांची पूजा झाली की दुपारी आवारात गाणं ठेवायची झुंबरलालांची पद्धत होती. १९५७ साली त्यांनी हैदराबादहून मिनेझिस मास्तरांना बोलावलं होतं. मास्तर मूळ गोव्याचे, जन्मभर विलायती संगीत शिकवलेले, फिडल वाजवणारे. भंवरलालांनी सोयऱ्याला निरोप धाडला: तुमचा मास्तर एक, तर आमची बाईही एक. आमच्या तबकडीतली मेम आणि आमची दुर्गाबाई एकामागोमाग ऐका. फरक निघाला तर फोनो तिथंच फोडून टाकतो.

कारभारीनं घाबरत घाबरत आईला विचारलं. ज्वारी पाखडणाऱ्या गोजरबाईनं सूप खाली ठेवलं.

"मीबी येणार," ती म्हणाली. "आन् एक ऐकून ठिवा दोघं. लोक हसले, की तिथूनच माघारी. त्याच्यानंतर हिनं गळ्यातून सूर काढायचा न्हाई. शेतातबी न्हाई. पाखरं डबा वाजवून हाकता येत्यात."

कारभारी बायकोकडं बघायला लागला. दुर्गाबाई म्हणाली, "कबूल हाये, आत्याबाई." कबूल म्हणताना तिची मान खाली गेली नाही.

खंडेनवमीला दुपारी जिनाच्या आवारात सतरंज्या पडल्या. यंत्रांना झेंडूच्या माळा, पुढं व्यापारी, मागं हमाल आणि जिनात काम करणाऱ्या बायका. गोजरबाई बायकांत पहिल्या रांगेत, पदर घट्ट आवळून, खटला ऐकायला बसल्यासारखी. भंवरलालांनी मोटारीच्या टपावरून मांडीवर घेतल्यासारखा जपून आणलेला फोनो मधोमध ठेवला आणि चावी दिली.

मेम गायला लागली. मिनेझिस मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग उठून त्यांनी सुई उचलली.

"शेठजी," ते शांतपणे म्हणाले, "ही बाई एवढ्या घाईत कुठं निघालीय? गाडी चुकतेय का तिची?"

लोक हसले. मास्तर फोनोवर वाकले. लाख दिसली तशी त्यांनी खिशातला चाकू काढला आणि ती खरवडली. तबकडीखाली कागदाचा एक कपटा दाबून ठेवला, त्याचं टोक बाहेर. तबकडी फिरवली आणि हातातलं घड्याळ झुंबरलालांपुढं धरलं. "टोक तुमच्यासमोरून गेलं की एक. एक मिनिट मोजा, मोठ्यानं." झुंबरलाल मोजत गेले आणि मिनिट संपलं तेव्हा ते त्र्याण्णववर होते.

"अठ्ठ्याहत्तर पाहिजेत," मास्तर म्हणाले. "हा खटका आवाजाचा नाही. वेगाचा आहे. वेग वाढला की सूरही चढतो."

त्यांनी खटका मागं घेतला, पुन्हा मोजलं, अठ्ठ्याहत्तर आले, आणि सुई पुन्हा ठेवली.

आता जी बाई गायला लागली ती दुर्गाबाईनं जन्मात ऐकली नव्हती. तेच गाणं होतं, तीच वळणं होती, पण ही कुठं निघाली नव्हती. ही एका जागी बसली होती आणि रडत होती. आवाज भरलेला होता, जड होता. जी तान भरभर पायऱ्या उतरायची ती आता एकेका पायरीवर थांबत होती. कारभारीचं बोट नकळत सोबत आणलेल्या पेटीवर गेलं. काळी चार नव्हतीच. तीन पट्ट्या खाली, पांढरी चार. आणि मेम टोकाला पोचली तेव्हा त्याचं बोटही पोचलं. पेटी संपायच्या आधी दोन पट्ट्या शिल्लक होत्या. सूर पेटीत मावला होता. कारभारीचा चेहरा उतरला.

दुर्गाबाईला आधी लाज वाटली ती मेमपुढं. तीन वर्षं ही बाई बाजारात बसून रडत होती आणि आपण समजलो, पाखरं हाकतेय. आपलंच माणूस रडतंय आणि आपल्याला कळू नये, तसं तिला झालं.

तबकडी संपली. मागून कुणीतरी म्हणालं, "शेठजीनं मेमला तीन वर्सं पळवली, आन् ही बया तिच्यामागं पळाली." सगळं आवार हसलं. व्यापारी हसले, हमाल हसले, भंवरलाल शेठजी एवढेसे होऊन धोतराची निरी चाचपायला लागले. मास्तर हसले नाहीत, पण हसणं थांबवलंही नाही.

गोजरबाई उठून उभी राहिली. "चल," ती सुनेला म्हणाली. "झालं ते झालं."

कारभारी पेटी बंद करायला लागला. दुर्गाबाई उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. तिला दिसत होतं ते पुढचं सगळं आयुष्य: ज्वारीचं शेत, वर माळा, आणि माळ्यावर डबा बडवणारी ती. ते तिला सहन होईना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "लोक मेमला हसले. शेठजीला हसले. मला तर अजून कुणी ऐकलंच न्हाई."

गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं. कायद्याची बाई, शब्दाला शब्द लावून बघणारी. तिनं आपण घातलेली अट मनाशी आठवून पाहिली, त्यात सून खोटं बोलत नव्हती.

"आटप मंग," ती म्हणाली आणि पुन्हा बसली. "जल्दी."

कारभारीनं पेटीचं झाकण पुन्हा उघडलं. "कोणती धरू?" त्यानं हळूच विचारलं. "पांढरी चार?"

"आपली धरा," दुर्गाबाई म्हणाली. त्यानं काळी चार दाबली.

ती गायली ती उभं राहूनच. बसून गायची तिला सवय नव्हती. सुरुवातीला एक-दोघं अजून हसत होते, ते दुसऱ्या ओळीला थांबले. लय तीच होती, बाजारातली, घोड्यासारखी उधळलेली, पण लगाम कुणाच्या हातात आहे ते ऐकताना कळत होतं. शब्द तिला येत नव्हते. मेमच्या तोंडचे आवाज जसे कानात बसले होते तसे ती काढत होती. ती पायऱ्यांची तान आली आणि तिचा उजवा हात आपोआप गोफण फिरवल्यासारखा फिरला. एका फेऱ्याला चार सूर. एकही सूर खाली सांडला नाही. मग ती वर निघाली. कारभारीचं बोट तिच्याबरोबर सरकत गेलं, शेवटच्या पट्टीवर आलं, आणि त्यानं पेटीवरून हात काढून मांडीवर ठेवला. तिथून पुढं ती एकटीच होती. सूर लागला, आणि ती तिथं उभी राहिली. जिनाच्या पत्र्यावरचे सगळे पारवे एकदम उठले.

गाणं संपल्यावर टाळी पडली नाही. मिनेझिस मास्तर उठले होते. त्यांनी फिडल खांद्याला लावली, बोट तारेवर पार वर नेलं, एक सूर काढला, थोडा सरकवला, पुन्हा काढला. पुन्हा पडताळला. मग फिडल खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही आत्ता जिथं गेलात तिथं ही तबकडीतली बाई गेलेली नाही. ती तीन पट्ट्या खाली थांबते, आणि तेवढ्यासाठी तिकडं तिला डोक्यावर घेतात. तिला वर ओढलं ते मशीननं. तुम्हाला कुणी ओढलं?"

"कुणी न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता. "मला वाटलं, ती बाईमाणूस असून गाती, तर मंग बाईमाणसाला येतच असंल."

चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे उत्तर पचायला वेळ लागतो. मग मास्तरांनी आपल्या जागेवर न बसता तिथूनच, समोरच्या कुणबिणीला, कमरेत वाकून नमस्कार केला. तेव्हा आवार वाजलं. हमालांनी जे सुरू केलं ते व्यापाऱ्यांनाही थांबवता आलं नाही, आणि भंवरलाल शेठजी तर शेजारच्यांचे खांदे हलवून हलवून सांगत होते, की खटका मीच लावला होता, लाखसुद्धा मीच.

"मास्तरसाहेब," दुर्गाबाईनं विचारलं, "ती काय म्हणून राह्यली हो?"

"इटलीकडचं नाटक आहे. सगळं गाण्यातच चालतं तिकडं, ऑपेरा म्हणतात. तिचा माणूस तिला सोडून गेलाय. ती त्याला विनवतेय की परत ये, नाहीतर मी जगत नाही."

दुर्गाबाईनं बंद पडलेल्या फोनोकडं पाहिलं. "बिचारी," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मग म्हणाली, "माह्यातली न्हाई कुणाला विनवत. ती हाकलून राह्यली."

आता झुंबरलाल शेठ पुढं झाले. घरात पाहुणा, आवारात गर्दी, आणि आपल्याच अंगणात घडलेली एवढी मोठी गोष्ट. त्यांनी आतून शालू मागवला होता. "वा, दुर्गाबाई," ते म्हणाले. "बिलकुल कमाल. हा शालू तुमचाच. आता फक्त एक करा. अस्सल गाणं कसं हाये, मास्तरांनी सांगितलं तसं, खालच्या पट्टीत, सावकाश, ते एकदा म्हणून दाखवा. म्हणजे बराबर होईल सगळं."

विनंती वाजवी होती. मास्तरांनीही मान हलवली. पांढरी चार दुर्गाबाईला सोपी होती. निम्म्या श्वासात आली असती. शेठ बोलत होते आणि शेठांना नाही म्हणायची रीत नव्हती. तिनं कारभारीकडं पाहिलं. कारभारीचं बोट खालची पट्टी शोधायला लागलं.

"थांब रे," गोजरबाई म्हणाली.

ती उठली नव्हती. बसल्या जागेवरून, पदर आवळूनच बोलली, पण आवाज शेवटच्या हमालापर्यंत गेला. हाकारे घालायचा गळा त्या घरात एकटीचाच नव्हता.

"शेठजी, तुमचा मान मोठा हाये. शालू देत असाल तर द्या, न्हाई तर ठिवा. पण माही सून दोन वर्सं उन्हात उभी राहून तिथवर चढली. कुणी शिडी लावली न्हाई तिला. आता तिला खाली उतर म्हणू नका. त्या मेमला म्हणावं, तुला भेटायचं असंल तर तू ये वर."

आवारात कुणी हसलं नाही. झुंबरलाल शेठांनी क्षणभर सासूकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि शालू दोन्ही हातांनी दुर्गाबाईपुढं धरला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. गोजरबाईच्या तोंडून चारचौघांत 'माही सून' हे दुर्गाबाई आज पहिल्यांदा ऐकत होती. ती शालू घेऊन बायकांच्या रांगेत गेली. गोजरबाई तिच्याकडं न बघता थोडी बाजूला सरकली आणि सतरंजीवर आपल्या शेजारी तिला जागा करून दिली.